हा आकडा आला कुठून?

मंगळवार, २ जुलै २०२४, पोशीर

एका पतसंस्थेच्या सोनेतारण कर्जखात्यावर जास्त व्याज लागल्याची तक्रार आज माझ्याकडे आली. मुद्दल ५०,००० रुपये, दिवस ९०, दर दसादशे ९ टक्के. व्याज १,१०९ रुपये ५९ पैसे व्हायला हवं. पावतीवर छापलंय १,३५६ रुपये १६ पैसे. उलटा हिशेब केला की दर निघतो ११ टक्के. हा दर थकीत कर्जाचा, म्हणजे ९ वर २ टक्के दंडव्याज. पण खातेदार बाईंनी तर मुदतीच्या आत पैसे भरले आहेत. त्यांनी घरी वहीवर हिशेब मांडला, ती वही घेऊन काउंटरवर गेल्या आणि विचारलं, “हा आकडा आला कुठून?” काउंटरवरच्या मुलाजवळ उत्तर नव्हतं. कॉम्प्युटरने काढलाय, एवढंच तो सांगू शकला.

सॉफ्टवेअर आमचं, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यायचं. व्याजाचा गाभा जावात आहे आणि महिनाअखेरचे अहवाल पायथनमध्ये. व्याजाची एकच फाईल चार हजारांहून जास्त ओळींची आहे आणि तिला हात लावलेली बरीच माणसं आता कंपनीत नाहीत. पहिल्या ओळीपासून वाचत सुटले तर महिना जाईल. त्यामुळे बाईंचा प्रश्न जसाच्या तसा घेतला: पावती छापणारी ओळ, त्या ओळीवरचं ‘व्याज’ हे व्हेरिएबल, आणि तिथून मागे मागे. त्या किमतीवर ज्यांचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच ओळी ठेवायच्या, बाकीच्या बाजूला काढायच्या. प्रोग्राम स्लायसिंग ते हेच.

गुरुवार, ४ जुलै

सकाळपासून लाईट नाही. ऑफिसात छापून आणलेली पानं ओटीवर पसरली आणि पेन्सिलने स्लाइस काढायला बसले.

व्याजाला किंमत देणारी ओळ सापडली: शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. एका प्रश्नाचे तीन झाले. शिल्लक खतावणीतून येते. दिवस दोन तारखांच्या वजाबाकीतून येतात. दर येतो कर्जप्रकाराच्या स्लॅबमधून. प्रत्येक धागा धरून मागे गेले. पत्ता जुळवणारा कोड, फोटो दाखवणारा कोड, एसएमएस पाठवणारा कोड पेन्सिलीखालून आपोआप सुटत गेला. तो चुकीचा आहे म्हणून नव्हे, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही म्हणून. प्रश्न बदलला असता तर कदाचित तोच उरला असता.

ही पद्धत मांडली मार्क वायझर यांनी. १९७९ साली मिशिगन विद्यापीठातला त्यांचा प्रबंध याच विषयावर होता आणि १९८१ मध्ये ‘प्रोग्राम स्लायसिंग’ हा निबंध आला. त्यांची अट कडक होती. कापून उरलेला तुकडा स्वतः चालणारा प्रोग्राम असला पाहिजे आणि विचारलेल्या जागी त्याने मूळ प्रोग्रामइतकीच किंमत दिली पाहिजे. त्यांचा १९८२ चा प्रयोग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. अनुभवी प्रोग्रामरना बग शोधायला दिले आणि नंतर कोडचे तुकडे दाखवून यातलं काय ओळखीचं वाटतं ते विचारलं. फाईलभर इथेतिथे विखुरलेल्या, पण बगशी नातं असलेल्या ओळींचा तुकडा त्यांना ओळखू आला. म्हणजे डिबग करताना माणूस मनातल्या मनात स्लाइसच काढत असतो. वायझर यांनी त्या सवयीला गणिताची शिस्त दिली.

त्यांनी एक मर्यादाही दाखवून दिली. कुठल्याही प्रोग्रामची सगळ्यांत लहान स्लाइस हमखास काढून देणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. म्हणून स्लाइस काढणारं साधन शंका आली की ओळ ठेवून घेतं. जास्तीची ओळ वाचायला वेळ लागतो, पण सुटलेली ओळ फसवते.

रविवार, ७ जुलै

लावणीला जोर आलाय. दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा काका चिखलाचे पाय धुऊन ओटीवर आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला.

“अगं, या गटात आत्याच्या पोरांची नावं कधी आली, बघ जरा. तलाठ्याकडे जायच्या आधी मला समजलं पाहिजे.”

नावांच्या बाजूला गोलात फेरफार क्रमांक होता. तो घेऊन गाव नमुना सहाचा उतारा काढला: आत्याच्या मागे वारस नोंद. आत्याचं नाव कशाने आलं होतं, तर त्याआधीच्या फेरफाराने, आजोबांच्या वारसांत. काकांच्या शंकेला तेवढे दोनच फेरफार लागले. सोसायटीचा बोजा चढला, उतरला, शेजारच्या हिश्शाची विक्री झाली, हे सगळं त्याच उताऱ्यावर आहे. पण या नावांशी त्याचं काही नातं नाही.

“म्हणजे नोंद बरोबर आहे,” काका म्हणाले आणि पिशवी गुंडाळून उठले.

माझ्या कामाचं याहून नेमकं उदाहरण मला शोधून मिळालं नसतं. सातबाऱ्यावरची नोंद आपण कुठून आलो ते सोबत घेऊन येते. कुठल्या फेरफाराने आली, तो कशावरून झाला, मंडळ अधिकाऱ्याने तो केव्हा प्रमाणित केला, हे सगळं तिच्यामागे उभं असतं. काकांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आपल्या हक्काच्या नोंदीमागे ते पायरी पायरीने जाऊ शकतात. पावतीवरच्या व्याजाच्या आकड्याला मात्र असा गोलातला क्रमांक नाही. तिथे मागे जायची वाट कोडचं विश्लेषण करून पुन्हा बांधावी लागते. ती बांधून देणं हे आमचं काम आहे, उपकार नव्हे.

मंगळवार, ९ जुलै

पेन्सिलीचं काम आज मशीनवर चढवलं. साधन आधी प्रोग्रामचा अवलंबित्वाचा आलेख बांधतं. प्रत्येक विधान एक बिंदू, आणि बाण दोन जातींचे. एक विधान किंमत ठरवतं आणि दुसरं ती वापरतं, तिथे डेटाचा बाण. ‘जर खातं थकीत असेल तर’ अशा अटीवर एखादं विधान चालणं न चालणं ठरतं, तिथे नियंत्रणाचा बाण. कार्ल आणि लिंडा ओटेनस्टाइन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की असा आलेख हाताशी असला की स्लाइस काढणं म्हणजे बाणांच्या उलट दिशेने चालत जाणं. फेरांते, कार्ल ओटेनस्टाइन आणि वॉरन यांच्या १९८७ च्या निबंधाने हा आलेख कंपायलरवाल्यांच्याही कामाचा ठरवला.

अडचण फंक्शनपाशी येते. आमचं ‘दिवसांची वजाबाकी’ हे फंक्शन ठेवी, कर्ज, लॉकर, सगळेच वापरतात. सोनेतारणाच्या ओळीवरून त्यात शिरलं आणि बाहेर पडताना वाट चुकून ठेवींच्या कोडमध्ये गेलं, तर निम्मा प्रोग्राम स्लाइसमध्ये येऊन बसतो. ज्या जागेवरून आत गेलो त्याच जागी परत यायचं, हा नियम आलेखातच कसा बसवायचा ते सुझन हॉरविट्झ, थॉमस रेप्स आणि डेव्हिड बिंक्ली यांनी १९८८ मध्ये सोडवलं. आजची चांगली साधनं त्याच पायावर उभी आहेत.

एवढं करूनही स्लाइस मोठी निघते. बिंक्ली, गोल्ड आणि हार्मन यांनी ४३ सी प्रोग्राम, मिळून दहा लाखांहून थोड्या जास्त ओळी, तपासल्या. सरासरी स्लाइस मूळ प्रोग्रामच्या एक तृतीयांशाहून जरा कमी भरली. दोन तृतीयांश वाचन वाचलं ही मोठी गोष्ट आहे. पण मोठ्या प्रोग्रामचा एक तृतीयांश भागही संध्याकाळपर्यंत वाचून होत नाही. आमचीही स्लाइस अशीच जाड निघाली.

शुक्रवार, १२ जुलै

जाडीचं कारण आज नीट कळलं: ऑब्जेक्ट. जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये ‘दर’ हे एक व्हेरिएबल असतं आणि त्याला कोण किंमत देतं ते डोळ्यांना दिसतं. जावात ‘दर’ हा स्लॅब नावाच्या ऑब्जेक्टच्या आत बसलेला असतो, आणि त्याच ऑब्जेक्टला दहा ठिकाणांहून दहा नावांनी धरलेलं असू शकतं. एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावाने वाचला जातो. म्हणून कुठलं नाव कुठल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकतं, याचं विश्लेषण आधी करावं लागतं. ते ढोबळ असलं की स्लाइस फुगते. शिवाय ते ऑब्जेक्ट कुठल्या यादीतून आलं, यादी कोणी भरली, याद्यांच्या लायब्ररीच्या पोटात काय चालतं, तेही सगळं मागोमाग येतं.

मनू श्रीधरन, स्टीफन फिंक आणि रास्तिस्लाव बोदिक यांनी २००७ मध्ये यावर ‘थिन स्लायसिंग’ हा उपाय सुचवला. आधी फक्त किमतीच्या प्रवासाकडे बघायचं: ही किंमत कुठल्या विधानाने घडवली, कुठे ठेवली, कुठून उचलली. ऑब्जेक्टपर्यंत पोहोचण्याची वाट आणि अटी तूर्त बाजूला. पुढे गरज पडेल तिथेच त्या उलगडायच्या. जाड स्लाइसमध्ये काहीच सुटत नाही, पण माणूस हरवतो. पातळ स्लाइसमध्ये माणूस एका धाग्यावर राहतो.

दराची पातळ स्लाइस एका पडद्यावर मावली. त्यात स्लॅबमधल्या दरावर लिहिणाऱ्या जागा दोनच. एक, रात्रीच्या कामाच्या सुरुवातीला तक्ता भरणारी. दुसरी, दंडव्याजाच्या फंक्शनमधली: स्लॅबचा दर बरोबर मूळ दर अधिक २. ही दुसरी ओळ नियमित खात्याच्या दराच्या मागे यायलाच नको होती. आता तेवढाच बिंदू उलगडला: या दोन्ही नावांखाली एकच ऑब्जेक्ट कसं? कारण सोनेतारणाचा स्लॅब शाखेमागे एकदाच तयार होतो आणि शाखेतली सगळी खाती तोच वापरतात. थकीत खात्यासाठी त्याच्यावर ११ लिहिलं जातं आणि ९ परत कोणी लिहीत नाही.

सोमवार, १५ जुलै

एक गाठ शिल्लक होती. ही ओळ कित्येक वर्षं तशीच आहे, मग तक्रार आत्ताच का? आणि एकाच शाखेतून का?

स्टॅटिक स्लाइस ‘काय होऊ शकतं’ ते सांगते, सगळ्या शक्यता धरून. मला हवं होतं त्या रात्री प्रत्यक्षात काय झालं ते. त्यासाठी डायनॅमिक स्लायसिंग. बोगदान कोरेल आणि यानुश लास्की यांनी १९८८ मध्ये ते मांडलं, आणि हिरालाल अग्रवाल व जोसेफ होर्गन यांनी १९९० मध्ये आलेखावरून ते नेमकं कसं काढायचं ते दाखवलं. ठरावीक माहितीवर प्रोग्राम चालवायचा, चाललेल्या प्रत्येक विधानाचा माग नोंदवायचा आणि त्या मागातूनच उलटं जायचं. न चाललेली फांदी त्यात येतच नाही.

त्या शाखेचा त्या रात्रीचा डेटा, नावं झाकून, पुन्हा चालवला. बाईंच्या खात्याचा दर वाचला गेला तिथून माग मागच्या फेरीत गेला. यादीत त्यांच्या आधी एक थकीत खातं होतं आणि ११ तिथे लिहिलं गेलं होतं. यादीचा क्रम पाहिला. पूर्वी आधी सगळी नियमित खाती येत, शेवटी थकीत. थकीत खात्यांनंतर कोणी नसल्यामुळे बिघडलेला दर कुणाला लागत नव्हता. नव्या आवृत्तीत यादी खाते क्रमांकाने लागते, आणि ही आवृत्ती सध्या या एकाच शाखेत सुरू झाली आहे. जुना क्रम लावून तोच डेटा चालवला: व्याज १,१०९.५९. दर स्लॅबवर न लिहिता त्या खात्यापुरता वेगळा धरला आणि नवा क्रम लावला: पुन्हा १,१०९.५९.

हे फक्त पातळ स्लाइसवरून कळलं नसतं, आणि फक्त डायनॅमिक स्लाइसवरून सुरुवात केली असती तर एकाच रात्रीपुरतं कळलं असतं. एकीने चूक कुठे आहे ते दाखवलं, दुसरीने ती केव्हा घडली ते.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. घरात सगळ्यांचा उपास, गावात दिवसभर भजन. मी सकाळीच दिशा उलटी केली. दंडव्याजाच्या त्या ओळीपासून पुढे काय काय बिघडतं? याला फॉरवर्ड स्लाइस म्हणतात. दरावरून व्याज, व्याजावरून पावती आणि पासबुक, तिथून खतावणी, खतावणीतून नफा-तोटा पत्रक. यातल्या प्रत्येक जागेवर नवी आवृत्ती सुरू झाल्यापासूनचे आकडे तपासावे लागतील. कोणकोणत्या खात्यांना धक्का लागला ते स्लाइस सांगत नाही. त्यासाठी दुरुस्त कोडवर त्या रात्री पुन्हा चालवून आकडे ताडून पाहायचे. पण कुठे ताडायचं हे तिने सांगितलं. तक्रार एका बाईंची आहे. ज्यांनी वही काढली नाही त्यांचेही पैसे परत गेले पाहिजेत.

संध्याकाळी पुढची पायरी. ‘नियमित खात्याला लागलेला दर तक्त्यातल्या मूळ दराइतकाच असला पाहिजे’ हे विधान कोडमध्येच लिहायचं आणि ते कुठल्याही क्रमात, कुठल्याही डेटावर टिकतं हे साधनाकडून सिद्ध करून घ्यायचं. मोठ्या कोडपुढे सिद्ध करणारी साधनं दम तोडतात, म्हणून आधी स्लाइस काढून कोड लहान करतात. इथे आपल्याकडचं काम उपयोगी पडतं. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रातले श्रवण कुमार आणि पवईच्या आयआयटीतले अमिताभ सन्याल व उदय खेडकर यांनी २०१५ मध्ये ‘व्हॅल्यू स्लाइस’ मांडली. त्यांचं निरीक्षण असं: काही अटी फक्त तपासणीच्या जागेपर्यंत पोहोचता येतं की नाही तेवढंच ठरवतात. तपासायच्या किमतीवर त्यांचा परिणाम नसतो. त्या गाळायच्या, आणि किमतीवर परिणाम करणाऱ्या अटी मात्र जपून ठेवायच्या. उद्योगातल्या खऱ्या प्रोग्रामवर त्यांनी तिन्ही जातींची तुलना केली. पूर्ण स्लाइस सर्वांत अचूक ठरली, पातळ स्लाइस सर्वांत मोठ्या कोडला पुरून उरली, आणि व्हॅल्यू स्लाइस दोन्ही बाबतींत त्या-त्या बाबतीतल्या सर्वोत्तम स्लाइसच्या जवळ राहिली. आमच्या विधानातही ‘खातं थकीत आहे का’ ही अट दर बदलते, ती ठेवलीच पाहिजे. ‘खातं या शाखेचं आहे का’ ही अट फक्त वाट अडवते, ती गाळता येते.

शनिवार, २० जुलै

दोन दिवस पायथनच्या अहवालांत गेले. इथे स्टॅटिक स्लाइस लवकर हतबल होते. फील्डचं नाव चालताना अक्षरं जोडून तयार होतं, फंक्शन मध्येच बदलता येतं, मजकुरातून आलेला कोडही चालवता येतो. सगळ्या शक्यता धरल्या तर सगळा प्रोग्राम स्लाइसमध्ये, न धरल्या तर नेमकी हवी ती ओळ बाहेर. म्हणून तिथे चालत्या प्रोग्रामचा माग हाच मुख्य आधार. त्यातही विश्लेषकांच्या नोटबुकांचा, म्हणजे कप्प्याकप्प्यांत कोड लिहून चालवायच्या फायलींचा, प्रश्न वेगळा. कप्पे वरखाली कुठल्याही क्रमाने चालवलेले असतात आणि शेवटचा निकाल नक्की कुठल्या कप्प्यांतून आला ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. २०१९ मध्ये ‘गॅदर’ नावाचं साधन आलं, ते नेमकं हेच करतं: निकालावर बोट ठेवा, तो घडवणारे कप्पे, चालवलेल्या क्रमाने, गोळा होऊन येतात.

शुद्ध फंक्शनल भाषांत व्हेरिएबलची किंमत पुन्हा बदलत नाही, त्यामुळे आमच्या स्लॅबसारखा घोळ होत नाही. तिथला प्रश्न वेगळा असतो: मोठ्या यादीतला कुठला भाग पुढे खरोखर लागणार आहे? मुंबई आणि कानपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांचं २०१९ चं काम यावरच आहे. प्रश्न बदलला तरी आधी केलेलं विश्लेषण पुन्हा वापरता यावं, अशी सोयही त्यांनी केली आहे.

रात्री रस्टमध्ये आमच्याच व्याजाच्या फंक्शनची लहान प्रत लिहिली. रस्टमध्ये फंक्शनला दिलेली एखादी वस्तू बदलायची असेल तर साधारणपणे त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीतच तसं जाहीर करावं लागतं, आणि एक जण बदलत असताना दुसऱ्याला ती धरून ठेवता येत नाही. विल क्रायटन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये यावर ‘फ्लोइस्ट्री’ उभं केलं. हाक मारलेल्या फंक्शनच्या पोटात न शिरता, त्याची फक्त जाहीर केलेली ओळ वाचून ते कोण कोणाला बदलू शकतं ते ठरवतं. माझ्या प्रतीत दंडव्याजाच्या फंक्शनला स्लॅब फक्त वाचायला दिला, आणि दर त्याच्यावर लिहिण्याची ओळ कंपायलरने मान्यच केली नाही. जिथे जावात चार दिवस स्लाइस काढावी लागली, तिथे भाषेनेच प्रश्न विचारला: हे बदलायचं आहे का? मग तसं लिही.

म्हणून माझं मत ठाम होत चाललंय. स्लायसिंगचं तंत्र किती चांगलं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे की भाषेने कोड लिहिणाऱ्याकडून किती गोष्टी उघडपणे लिहून घेतल्या. जे लिहिलं गेलं ते विश्लेषणाला फुकट मिळतं. जे लपलं ते पुन्हा शोधायला चाळीस वर्षांचं संशोधन पणाला लागतं.

मंगळवार, २३ जुलै

दुरुस्ती गेली. धक्का लागलेल्या सगळ्या खात्यांची यादी पतसंस्थेला दिली, आणि जास्त घेतलेलं व्याज परत जमा करण्याची नोंद उद्याच्या कीर्दीत घालायचं त्यांनी ठरवलं. बाईंसाठी उत्तर मी मराठीत, अर्ध्या पानात लिहिलं: तुमची शिल्लक ही, दिवस हे, दर हा लागायला हवा होता, हा लागला, कारण तुमच्या आधीच्या थकीत खात्याचा दर पुसला गेला नव्हता. स्लाइसमधल्या ओळींचं साध्या भाषेतलं रूप एवढंच. काउंटरवरच्या मुलालाही ते पान दिलं, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतः सांगू शकेल.

टीमसमोर दोन मागण्या ठेवल्या. पहिली: पैशाच्या प्रत्येक छापील आकड्यामागे तो घडवणारे आकडे, कुठला दर, कुठून घेतला, किती दिवस, हे त्याच रात्री साठवायचं. फेरफार क्रमांकासारखं, आकड्याच्या सोबतच. दुसरी: व्याज, दंड आणि अनुदान यांना हात लावणारा कुठलाही बदल मंजूर करण्याआधी त्याची फॉरवर्ड स्लाइस बघायची, मग तो बदल यादीचा क्रम लावण्याइतका किरकोळ का असेना. साठवणीची जागा वाढेल, आवृत्ती एखाद-दोन दिवस उशिरा निघेल. ही किंमत आपण द्यायची, खातेदाराने नव्हे. माणसाच्या पैशाचा हिशेब जो प्रोग्राम करतो, त्याच्याकडे त्या हिशेबाचा माग मागणं हा त्या माणसाचा हक्क आहे. तो माग काढायचं शास्त्र उपलब्ध आहे. आता ते काउंटरपर्यंत नेलं पाहिजे.